घासलेल्या काचेवरील गणित : मोठ्या प्लेटच्या कॅमेऱ्यातील क्षेत्रखोली आणि चांदा परिसरातील वास्तु-छायाचित्रांचे वाचन

प्रास्ताविक

इतिहासाच्या साधनांमध्ये छायाचित्राला आता मान्यता मिळाली आहे. शिलालेख, ताम्रपट, दप्तरातील कागद यांच्या बरोबरीने जुनी छायाचित्रे संशोधनपर ग्रंथांतून छापली जातात आणि त्यांच्या आधारे वास्तूंच्या पूर्वस्थितीविषयी विधानेही केली जातात. तथापि शिलालेख वाचताना लिपी, झीज, ठशाची प्रत यांचा जो काटेकोर विचार होतो, तो छायाचित्राच्या वाट्याला क्वचितच येतो. छायाचित्रात जे दिसते ते तेथे होते आणि जे दिसत नाही ते नव्हते, असे गृहीत धरून अभ्यासक पुढे जातो. प्रस्तुत निबंधात या गृहीतकाची एका मर्यादित बाजूने तपासणी करावयाची आहे. ती बाजू म्हणजे डेप्थ ऑफ फील्ड, ज्याला येथे क्षेत्रखोली असे म्हटले आहे.

हा विषय केवळ छायाचित्रकारांच्या कुतूहलाचा नाही. गडचिरोली जिल्ह्याच्या चामोर्शी तालुक्यातील मार्कंडा येथील देवालयसमूह नागभीडहून सिंदेवाही-मूल मार्गे जाता येण्याजोग्या अंतरावर आहे. तेथील मुख्य मंदिराच्या शिखराचे दगड उतरवून ते पुन्हा रचण्याचे काम भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने गेल्या दशकात हाती घेतले आणि ते दीर्घकाळ रेंगाळले. अशा कामात कोणता दगड कोठे होता, हे सांगणारा पुरावा मोलाचा ठरतो. जुन्या छायाचित्रांची आठवण नेमकी अशा वेळी होते. ती छायाचित्रे किती सांगू शकतात, याचे उत्तर बऱ्याच अंशी छायाचित्रकाराने त्या दिवशी भिंगापुढे कोणते छिद्र लावले होते, यावर अवलंबून असते.

चांदा जिल्हा आणि काचेची प्लेट

१८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाल्यानंतर चांदा हा ब्रिटिश अमलाखालील जिल्हा बनला. आजचा गडचिरोली जिल्हा १९८२ पर्यंत त्याच जिल्ह्याचा भाग होता. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८७३-७४ व १८७४-७५ या हंगामांत मध्य प्रांताचा दौरा केला व त्याचा वृत्तांत सर्वेक्षणाच्या अहवालमालेच्या नवव्या खंडात १८७९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचे सहायक जे. डी. बेगलर यांनी १८७३-७४ मध्ये मध्य प्रांतात केलेल्या प्रवासाचा वृत्तांत सातव्या खंडात, १८७८ मध्ये, आला. बेगलर हे अभियंता होते, तसेच छायाचित्रकारही होते. पुढे हेन्री कझिन्स यांनी मध्य प्रांत व वऱ्हाडातील प्राचीन अवशेषांची यादी १८९७ मध्ये सिद्ध केली.

त्या काळी नागभीडला रेल्वे नव्हती. गोंदियाहून नागभीडमार्गे चांद्याकडे जाणारा आणि नागपूर-नागभीड हा, असे दोन्ही नॅरोगेज मार्ग बंगाल-नागपूर रेल्वेने विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत बांधले. (पहिल्या मार्गाचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर १९९९ पर्यंत पुरे झाले, नागपूर-नागभीड ही छोटी गाडी रूपांतरासाठी २०१९ मध्ये बंद झाली.) तोपर्यंत झाडीपट्टीतील कोणत्याही वास्तूपर्यंत कॅमेरा नेणे म्हणजे लाकडी पेटी, भाता, तिपाई, काचेच्या प्लेटा, रसायनांच्या बाटल्या आणि काळोखी तंबू बैलगाडीत घालून नेणे होय. १८७० च्या दशकात प्रचलित असलेल्या ओल्या कलोडियन पद्धतीत प्लेट जागेवर तयार करून, ती सुकण्यापूर्वीच उजेड देऊन धुवावी लागे. विदर्भाच्या हवेत ही मुदत काही मिनिटांचीच. १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स यांनी जिलेटिनच्या कोरड्या प्लेटची कल्पना मांडली. तिचे व्यापारी उत्पादन त्या दशकाच्या अखेरीस सुरू झाल्यावर ही घाई संपली. एक गोष्ट मात्र दोन्ही पद्धतींत तीच राहिली : प्लेट मोठी असल्याने भिंगाचे नाभीय अंतर मोठे, आणि नाभीय अंतर मोठे असल्याने क्षेत्रखोली अत्यंत तोकडी.

क्षेत्रखोली म्हणजे काय

भिंग एका वेळी एकाच अंतरावरील प्रतल काटेकोरपणे प्लेटवर उतरवते. त्या प्रतलाच्या पुढील वा मागील बिंदूची प्रतिमा बिंदू न राहता लहानशी चकती बनते. ही चकती विशिष्ट मर्यादेपेक्षा लहान असेल तर डोळा तिला बिंदूच मानतो. ज्या अंतरांच्या दरम्यान चकत्या या मर्यादेच्या आत राहतात, त्या पट्ट्याला क्षेत्रखोली म्हणावयाचे. म्हणजे क्षेत्रखोली ही निसर्गाने घालून दिलेली सीमा नव्हे. किती धूसरता चालवून घ्यावयाची, याविषयीचा तो करार आहे, आणि असा करार कालसापेक्ष असतो. हा मुद्दा पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

या कराराचा इतिहास पाहण्याजोगा आहे. सटन आणि डॉसन यांच्या १८६७ च्या छायाचित्रण-कोशात ज्या अंतरापलीकडील सर्व वस्तू स्पष्ट उमटतात त्या अंतराची कल्पना आढळते. भिंगनिर्माते डॅलमेयर यांच्या १८७४ च्या पुस्तिकेत चालवून घेण्याजोग्या चकतीचे माप इंचाचा शंभरावा भाग, म्हणजे पाव मिलिमीटर, असे धरले आहे. ॲबनी यांनीही १८८१ मध्ये तेच माप स्वीकारून हिशेब मांडला. १९०१ मध्ये वेलबोर्न पायपर यांच्या भिंगविषयक पुस्तकाने ‘हायपरफोकल’ अंतराची संकल्पना रूढ केली. तिचे सूत्र शब्दांत असे : नाभीय अंतराचा वर्ग करावा आणि त्याला छिद्राचा एफ-अंक व चकतीचे माप यांच्या गुणाकाराने भागावे. या अंतरावर फोकस केल्यास त्याच्या निम्म्या अंतरापासून अनंतापर्यंत सारे स्पष्ट येते.

साडेसहा बाय साडेआठ इंचांच्या पूर्ण प्लेटसाठी ३०० मिलिमीटर नाभीय अंतराचे भिंग घेऊ. आजच्या काहीशा कडक मापाने चकती ०.१ मिलिमीटरची धरल्यास एफ/८ वर हायपरफोकल अंतर सुमारे ११२ मीटर येते, एफ/१६ वर ५६, एफ/३२ वर २८ आणि एफ/६४ वर १४ मीटर. याचा अर्थ असा की एफ/८ वर अनंतापर्यंत स्पष्टता हवी असेल, तर छप्पन्न मीटरांच्या अलीकडे काहीही चालणार नाही. मार्कंड्याच्या प्राकाराची लांबीच दोनशे फुटांच्या आत आणि रुंदी सव्वाशे फुटांच्या आत आहे. छिद्र लहान करण्यावाचून तेथे गत्यंतर नव्हते.

छिद्र लहान करण्याची साधने प्रथम अगदी साधी होती. भिंगाच्या नळीत फटीतून सरकवावयाच्या, वेगवेगळ्या आकाराची भोके पाडलेल्या पितळी पट्ट्या १८५८ मध्ये जॉन वॉटरहाऊस यांनी रूढ केल्या आणि त्या त्यांच्याच नावाने ओळखल्या जातात. (भारतीय सर्वेक्षण खात्यातील छायाचित्रतज्ज्ञ जेम्स वॉटरहाऊस हे निराळे गृहस्थ. नामसाम्यामुळे या पट्ट्यांचे श्रेय कधी कधी त्यांच्याकडे जाते, ते बरोबर नाही.) एफ/८ वरून एफ/६४ वर जाताना प्रकाश चौसष्टपटीने कमी होतो. जेथे दोन सेकंद पुरत, तेथे आता दोन मिनिटांहून अधिक काळ लागे. जुन्या मंदिरचित्रांतील आवारे निर्जन वाटतात. वास्तूच्या ओसाडपणाचा पुरावा म्हणून त्यांच्याकडे पाहण्याचा मोह होतो. परंतु दोन मिनिटांच्या अवधीत आवारातून चालत गेलेला माणूस प्लेटवर उमटतच नाही. पूजेसाठी आलेली माणसे त्या दिवशी तेथे नव्हती, असे अशा चित्रावरून म्हणता येत नाही.

फडक्याखालील कार्यपद्धती

मोठ्या कॅमेऱ्यात फोकस पाहण्याचे एकच साधन होते : मागील बाजूस बसविलेली घासलेली काच. डोक्यावर काळे फडके घेऊन छायाचित्रकार तिच्यावरील उलटी प्रतिमा निरखीत असे. क्षेत्रखोली डोळ्यांनी पाहावी म्हणून छिद्र लहान केले, तर काचेवरील प्रतिमा इतकी अंधारते की कडेचे तपशील दिसेनासेच होतात. एफ/६४ वर भर दुपारीही घासलेल्या काचेवर फारसे काही कळत नाही. म्हणून पाहण्याऐवजी हिशेब करणे भाग होते.

हा हिशेब करण्याची सर्वांत व्यवहार्य रीत कॅमेऱ्याच्या सरकत्या पट्टीवरच आहे. छिद्र पूर्ण उघडे ठेवून प्रथम सर्वांत जवळच्या आवश्यक वस्तूवर फोकस करावयाचा आणि पट्टीवर पेन्सिलीची खूण करावयाची. मग सर्वांत दूरच्या वस्तूवर फोकस करून दुसरी खूण. कॅमेरा या दोन खुणांच्या बरोबर मध्ये आणून ठेवावयाचा. खुणांमधील अंतर मिलिमीटरमध्ये मोजून त्याला चकतीच्या मापाच्या दुपटीने भागले की आवश्यक एफ-अंक मिळतो. अंतरांची मोजणी नको, कोष्टक नको, भिंगाचे नाभीय अंतर माहीत असण्याचीही गरज नाही.

मार्कंड्याच्या आवारात कॅमेरा लावला आहे, अशी कल्पना करू. सहा मीटरवर एका लहान देवळाचा कोपरा आहे आणि तीस मीटरवर मुख्य शिखर. ३०० मिलिमीटरच्या भिंगाने सहा मीटरवर फोकस करताना भिंग व प्लेट यांत ३१५.८ मिलिमीटर अंतर लागते, तीस मीटरवर ३०३.०. फरक १२.८ मिलिमीटर. त्याला ०.२ ने भागता ६४ येतात, म्हणजे एफ/६४ हवे. डॅलमेयर यांचे पाव मिलिमीटरचे माप लावले तर उत्तर सुमारे एफ/२५ येते; त्या काळचा छायाचित्रकार एफ/३२ ची पट्टी घालून निश्चिंत झाला असता.

आणि फोकस कोठे? खुणांच्या मध्यावर कॅमेरा ठेवला की तो आपोआप दहा मीटरवर साधला जातो. सहा व तीस यांचा हरात्मक मध्य दहाच आहे. छायाचित्रणाच्या लोकप्रिय पुस्तकांत मात्र ‘आवश्यक अंतराच्या एकतृतीयांशावर फोकस करावा’ असा नियम पिढ्यान्‌पिढ्या छापला जात आहे. त्या नियमाने येथे फोकस चौदा मीटरवर जाईल. चौदा मीटरवर एफ/६४ लावल्यास स्पष्टता सात मीटरपासून सुरू होते, आणि सहा मीटरवरील देवळाचा कोपरा हातचा जातो. बहुतेक पुस्तके या नियमाची मर्यादा सांगत नाहीत. तो एका विशिष्ट अंतरालाच खरा आहे. अंतर बदलले की तो बदलतो. प्रस्तुत लेखकाच्या मते तो सोडून देणेच इष्ट.

छिद्र कितीही लहान करीत जावे, असे नाही. छिद्र लहान झाले की प्रकाशाचे विवर्तन वाढते आणि फोकसमधील बिंदूचीही चकती होऊ लागते. एफ/६४ वर ही चकती सुमारे ०.०८६ मिलिमीटर भरते, म्हणजे आपण ठरविलेल्या मर्यादेच्या जवळपास. पॉल हॅन्स्मा या भौतिकशास्त्रज्ञाने १९९६ मध्ये या दोन्ही दोषांचा एकत्र विचार करून पट्टीवरील फरकावरून इष्टतम छिद्र काढण्याची रीत प्रसिद्ध केली : फरकाला ३७५ ने गुणून वर्गमूळ घ्यावे. सहा मिलिमीटरच्या फरकाला साध्या रीतीने एफ/३० येतो, हॅन्स्मांच्या रीतीने एफ/४७. अन्सेल ॲडम्स, एडवर्ड वेस्टन प्रभृतींनी १९३२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे स्थापन केलेल्या मंडळाने ‘एफ/६४’ हेच नाव धारण केले होते. त्यांच्या मोठ्या निगेटिव्हांना ते शोभले. लहान निगेटिव्हवर असे छिद्र म्हणजे सर्वत्र सारखी धूसरता.

कॅमेऱ्याचे भिंग व प्लेट हे दोन भाग एकमेकांशी कोन करून वळविता येतात, हा मोठ्या कॅमेऱ्याचा आणखी एक गुण. स्पष्टतेचे प्रतल त्यामुळे तिरपे होते. ज्यूल्स कार्पेंटिए यांनी १९०१ मध्ये आणि थिओडोर शाइमफ्लुग यांनी १९०४ मध्ये आपल्या पेटंटांत याचा नियम नोंदविला, आणि हॅरॉल्ड मर्कलिंगर यांनी १९९३ च्या पुस्तकात तो वापरण्याजोगा केला. तीन मीटर बाजूने धावणारी भिंत टोकापासून टोकापर्यंत स्पष्ट हवी असेल तर ३०० मिलिमीटरचे भिंग सुमारे पावणेसहा अंशांत वळविले की काम भागते, आणि मोठे छिद्रही चालते. पण मार्कंड्यासारख्या मंदिराची बाह्यभिंत सपाट नसते. तिचे कोपरे पायरीपायरीने पुढे येतात, मागे जातात. वळविलेले प्रतल एका कोपऱ्यावर बसते आणि पुढचा कोपरा सुटतो. तेव्हा अशा वास्तूसमोर छायाचित्रकाराला शेवटी छिद्राचाच आश्रय घ्यावा लागे.

याउलट भद्रावतीजवळील, जुन्या नोंदींतील भांदकच्या, विजासन लेणीचा प्रश्न. डोंगरात सरळ आत गेलेला सुमारे सत्तर फुटांचा बोळ आणि टोकाला बसलेली बुद्धमूर्ती. येथे कोणतेही वळविणे उपयोगी नाही. दोनशे मिलिमीटरच्या भिंगाने तीन मीटरपासून एकवीस मीटरपर्यंत स्पष्टता हवी तर पुन्हा एफ/६२ च्या आसपासच यावे लागते, फोकस सव्वापाच मीटरवर. आत उजेड नाही. बाहेरील ऊन आरशांनी वा पांढऱ्या कापडांनी आत परतवून लेण्यांची छायाचित्रे घेण्याची प्रथा होती. तरीही अशा ठिकाणी छिद्र मोठे ठेवून मूर्ती तरी स्पष्ट घ्यावी आणि बोळाच्या भिंती सोडून द्याव्यात, हाच व्यवहार्य मार्ग. लेण्याच्या चित्रात भिंतींवरील कोरीव काम दिसत नसेल तर ते झिजले होते, असा निष्कर्ष काढण्यापूर्वी हे लक्षात घ्यावयास हवे.

गिल, जॉन्सन, फाळके

महाराष्ट्रातील छायाचित्रणाचा आरंभ सर्वपरिचित आहे. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली आणि भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या कार्यकर्त्यांपैकी होते. त्या इतिहासाची पुनरुक्ती येथे करावयाची नाही. क्षेत्रखोलीच्या प्रश्नाला या मंडळींनी दिलेली तीन निरनिराळी उत्तरे तेवढी पाहावयाची आहेत.

मेजर रॉबर्ट गिल अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी १८४० च्या दशकात तेथे गेले. त्यांची बहुतेक चित्रे १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली. त्यांच्या छायाचित्रांचे मोल त्यामुळे अधिकच वाढले. जेम्स फर्ग्युसन यांच्यासमवेत त्यांचे जे ग्रंथ १८६४ मध्ये निघाले, त्यांपैकी एक शंभर स्टिरिओ-चित्रांचा आहे. स्टिरिओ कॅमेऱ्याची भिंगे आखूड नाभीय अंतराची असतात. १२५ मिलिमीटरचे भिंग एफ/१६ वर, ०.१ च्या मापाने, जेमतेम पाच मीटरपासून पुढे सारे स्पष्ट देते. त्याच छिद्रावर ३०० मिलिमीटरचे भिंग अठ्ठावीस मीटरपासून. स्टिरिओ-चित्र भिंगातून मोठे करून पाहावयाचे असल्याने माप निम्मे धरले, तरी दहा मीटरच्या आतच स्पष्टता सुरू होते. लेण्यांचे स्तंभ पुढून मागपर्यंत एकाच चित्रात धरण्यासाठी लहान कॅमेरा मोठ्यापेक्षा सरस ठरतो, हे गिल यांच्या कामाकडे पाहताना ध्यानी ठेवण्याजोगे आहे. मोठी प्लेट म्हणजे अधिक माहिती, हे समीकरण सर्वत्र लागू पडत नाही.

विल्यम जॉन्सन यांनी मुंबईतील जातिजमातींच्या चित्रांचे दोन खंड १८६३ व १८६६ मध्ये काढले. त्यांतील अनेक चित्रांत माणसे स्टुडिओत घेतलेली आणि पार्श्वभूमी अन्यत्र घेतलेली, अशा दोन निगेटिव्हांची जोड आहे. या जोडणीमागे जागेची व वेळेची सोय होतीच. पण तीन-चार मीटरवरील माणूस आणि शंभर मीटरवरील इमारत एकाच प्लेटवर, माणूस न हलता, स्पष्ट आणणे त्या काळच्या प्लेटच्या मंद वेगात जवळजवळ अशक्य होते, हेही तितकेच खरे. समाजशास्त्राच्या अभ्यासकांनी या चित्रांतील पार्श्वभूमीला त्या जातीच्या निवासाचा पुरावा समजू नये.

तिसरे उत्तर सपाट वस्तूंचे. नकाशा, चित्र किंवा लेखाचा ठसा यांची प्रतिकृती करताना खोलीचा प्रश्नच उद्भवत नाही. पुण्याच्या सरकारी फोटोझिंको छापखान्यातील मोठे कॅमेरे याच कामाचे. धुंडिराज गोविंद फाळके यांनी बडोद्याच्या कलाभवनात छायाचित्रण व मुद्रण शिकल्यानंतर १९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून नोकरी धरली, आणि ती सोडल्यावर ठसे तयार करण्याच्या धंद्यात शिरले. सपाट मूळचित्र आणि खोल वास्तू, या दोन्ही प्रकारांच्या छायाचित्रणाशी ज्याचा हात बसला होता असा हा माणूस पुढे चलच्चित्राकडे वळला. फाळक्यांच्या चरित्रकारांनी पुरातत्त्व खात्यातील या काही वर्षांकडे फारसे लक्ष दिलेले नाही, ही खेदाची गोष्ट होय.

तालुक्याच्या गावांतील स्टुडिओंत लाकडी कॅमेरा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत टिकला. केरळातील अलप्पुळा येथे १९४० च्या दशकात सुरू झालेल्या वागीश्वरी कारखान्याचे कॅमेरे देशभरच्या स्टुडिओंतून वापरले गेले. महाविद्यालयाच्या वार्षिक समूहचित्रांत खाली बसलेली, खुर्चीवरील आणि उभी अशा तीन रांगा किंचित कमानीत बसविलेल्या आढळतात. त्यामागे शिस्तीची हौस असेल, पण हिशेबही आहे. अर्ध्या प्लेटचे २१० मिलिमीटरचे भिंग घेतले, पहिली रांग ६.३ मीटरवर आणि शेवटची ८.१ मीटरवर असली, तर जवळजवळ एफ/८ पुरते आणि फोकस सुमारे सात मीटरवर, मधल्या रांगेवर, येतो. प्राचार्य त्याच रांगेत बसलेले असतात. चेहरे हलण्यापूर्वी झाकण उघडून बंद करता येईल इतका उजेड राहावा म्हणून छिद्र त्याहून लहान करणे टाळले जाई.

वाचनाची पद्धत

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. जुनी प्लेट हाती आली असता तिच्यातील स्पष्ट-अस्पष्टतेचे वाचन कसे करावे?

प्रथम अंकांविषयी एक सावधगिरी. इंग्लंडच्या फोटोग्राफिक सोसायटीने १८८० च्या दशकात छिद्रांसाठी ‘युनिफॉर्म सिस्टिम’ या नावाची निराळी अंकमालिका पुरस्कृत केली होती. तिच्यात एफ/४ ला १, एफ/८ ला ४, एफ/१६ ला १६, आणि एफ/३२ ला ६४ म्हणत. त्या काळातील नोंदवहीत किंवा भिंगाच्या कड्यावर ६४ असा अंक आढळल्यास तो एफ/६४ समजणे म्हणजे उद्भासनकाल चौपट चुकविणे होय. दोन्ही मालिका केवळ १६ या एकाच अंकावर जुळतात.

त्यानंतर वास्तू अजून उभी असेल तर तेथे जाऊन मोजमाप घेता येते. चित्रावरून कॅमेऱ्याची जागा ठरवावी. ओळखीच्या दोन बिंदूंमधील कोन आणि प्लेटवरील त्यांचे अंतर यांवरून नाभीय अंतर निघते. मग प्लेटवर स्पष्ट असलेला सर्वांत जवळचा व सर्वांत दूरचा दगड शोधून त्यांची अंतरे टेपने मोजावीत. त्यांचा हरात्मक मध्य म्हणजे फोकसचे प्रतल. जवळच्या अंतराच्या व्यस्तातून दूरच्या अंतराचा व्यस्त वजा करून त्याला नाभीय अंतराच्या वर्गाने गुणावे व चकतीच्या मापाच्या दुपटीने भागावे; एफ-अंक मिळतो. आपल्या सहा-तीस मीटरच्या उदाहरणात ही स्थूल रीत ६० देते, पट्टीची अचूक रीत ६४. इतका फरक क्षम्य आहे.

सर्वांत महत्त्वाचे आहे ते चकतीच्या मापाचे भान. पूर्ण प्लेटची छापील प्रत प्लेटएवढीच असे. हातात धरून पाहिल्यावर पाव मिलिमीटरची धूसरता खटकत नसे. आज तीच प्लेट स्कॅन करून पडद्यावर चौपट मोठी केली जाते आणि पाव मिलिमीटरचा एक मिलिमीटर होतो. पुढचे कोरीव काम धूसर दिसते. अभ्यासक प्लेट खराब झाली म्हणतो, किंवा छायाचित्रकाराला अकुशल ठरवतो. वस्तुतः छायाचित्रकाराने आपल्या काळाचा करार पाळलेला असतो.

दगडावर हे माप किती भरते ते पाहू. ३०० मिलिमीटरच्या भिंगाने दहा मीटरवरील दगडाची प्रतिमा सुमारे बत्तीसपटीने लहान होते. पाव मिलिमीटरची चकती तेथे आठ मिलिमीटरएवढी. तीस मीटरवर ती पंचवीस मिलिमीटर होते. चुन्याविना बसविलेल्या दगडी बांधकामातील सांधे काही मिलिमीटरचेच असतात. तेव्हा १८७० च्या दशकातील अशा प्लेटवर तीस मीटरवरील शिखराचा थर कोठे संपला आणि कोठे सुरू झाला, हे सावलीची रेघ पडली असेल तरच कळेल. थरातील उभे सांधे कळणार नाहीत. फोकसच्या प्रतलावर मात्र स्थिती निराळी. भिंग निर्दोष धरले तर एफ/३२ वर विवर्तनाची चकती ०.०४३ मिलिमीटरची, म्हणजे दहा मीटरवर दीड मिलिमीटरच्या आत. एकाच प्लेटवर एका ठिकाणी दीड मिलिमीटरची रेघ वाचता यावी आणि दुसऱ्या ठिकाणी बोटभर रुंदीचा सांधा नाहीसा व्हावा, असा हा विषम पुरावा आहे.

मार्कंड्याच्या शिखराबाबत हा विषमपणा अधिक गंभीर आहे. वीज पडून या शिखराची हानी झाली आणि गोंड राजवटीत त्याची डागडुजी झाली, अशी परंपरा आहे. मूळ रचना कोणती आणि डागडुजी कोणती, हा भेद दगडांच्या घडणीत व सांध्यांतच दिसावयाचा. दूरवरून, संपूर्ण देवालयसमूह एका चौकटीत घेण्यासाठी काढलेल्या चित्रावर तो भेद शोधू नये. त्या चित्राकडे बाह्यरेषा, कलणे, पडलेला भाग एवढेच विचारावे. जवळून घेतलेल्या, एकाच भिंतीवर फोकस साधलेल्या चित्राकडे सांध्यांविषयी विचारता येईल, मात्र त्या भिंतीच्या ज्या पट्ट्यात स्पष्टता मोजून सिद्ध झाली असेल तेवढ्याच पट्ट्यापुरते.

म्हणून जुन्या चित्राची प्रत घेताना तिच्यासोबत चार गोष्टी नोंदवाव्यात असे सुचवावेसे वाटते : प्लेटचे माप, अंदाजित नाभीय अंतर, फोकसचे प्रतल ज्या दगडावर पडते तो दगड, आणि स्पष्टतेची जवळची व दूरची हद्द. नागभीड, ब्रह्मपुरी, चामोर्शी परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना हे काम पदव्युत्तर विद्यार्थ्यांकडून करून घेणे अवघड नाही. त्यासाठी टेप, साधा गणकयंत्र आणि भिंगकाच एवढे पुरते. मूळ प्लेट मिळाली नाही आणि छापील ग्रंथातील चित्रावरच काम करावे लागले, तर छपाईच्या जाळीचे टिपके क्षेत्रखोलीच्या चकतीहून मोठे असण्याचा संभव राहतो. अशा चित्रावर वरील हिशेब करू नये.